वाचलेलं पितळ कुणाचं?

घरात एखादा जुना, पितळी पिनांचा प्लग असेल तर हातात घेऊन बघा. इस्त्रीचा, मिक्सरचा, कुठलाही. पिनेच्या टोकाकडून एक उभी चीर आत गेलेली दिसेल. ही कशासाठी, असं विचारलं की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं: धातू तापला की प्रसरण पावतो, त्याला जागा हवी म्हणून. उत्तर शास्त्रीय वाटतं, त्यामुळे कुणी पुढे विचारत नाही. पण चिरेचं खरं काम वेगळं आहे. सॉकेटच्या भोकात शिरताना पिनेच्या दोन पाकळ्या एकमेकींकडे दबतात, आत गेल्यावर पुन्हा फाकू बघतात, आणि त्या फाकू बघण्यामुळेच प्लग घट्ट बसतो. सैल झालेल्या प्लगच्या चिरेत टेस्टरचं टोक घालून ती जरा रुंद करायची युक्ती म्हणून तर घराघरांत माहीत असते.

म्हणजे पिनेतून धातू काढून टाकला आणि पिन जास्त घट्ट बसायला लागली. मला ही गोष्ट फार आवडते. कमी सामान, जास्त काम. पण त्याच वेळी मनात एक शंका येते. कमी धातूत काम भागवणाऱ्या माणसाला आपण हुशार म्हणतो, आणि कमी धातूत काम उरकणाऱ्याला चोर. प्रेसमधून पडणाऱ्या तुकड्याचं वजन दोघांच्याही बाबतीत तेवढंच असू शकतं. मग फरक नेमका कशात आहे?

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे वस्तू पारखायची पहिली पद्धत म्हणजे ती हातावर तोलणं. जड ते चांगलं. नळ असो, कुलूप असो, पातेलं असो. विजेच्या जोडणीतही आपण असंच गृहीत धरतो, की दोन धातू जेवढ्या मोठ्या भागावर एकमेकांना टेकतील तेवढी वीज सुखानं वाहील. तसं होत नाही. कितीही गुळगुळीत दिसणारा धातू सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. एका फणसावर दुसरा फणस ठेवला तर ते फक्त काट्यांच्या टोकांवर टेकतात, तसंच इथेही होतं. सगळी वीज त्या मोजक्या टोकांमधूनच जाते. टेकण्याचा भाग नुसता मोठा केला तर तोच दाब जास्त टोकांवर वाटला जातो आणि हाती फारसं काही लागत नाही. दाब वाढवला तर मात्र टोकं चेपतात, खरा स्पर्श वाढतो आणि वाट मोकळी होते. राग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नीट मांडलं, आणि आजही या क्षेत्रातला माणूस त्याचंच नाव घेतो.

तर जोडणीचा जीव दाबात असतो. आणि दाब म्हणजे स्प्रिंग. वर्षानुवर्षं, तापात, थरथरीत, न कंटाळता रेटत राहणारी धातूची एक छोटी पट्टी.

इथे खरी अडचण सुरू होते. वीज वाहायला सगळ्यांत चांगलं, परवडेल असं म्हणजे शुद्ध तांबं. पण ते मऊ, वाकवलं की तसंच राहणारं. पितळ जास्त ताठ, पण वीज नेण्याची त्याची ताकद तांब्याच्या जेमतेम पाव. फॉस्फर ब्रॉन्झ आणखी चिवट, आणि वीज नेण्यात पितळाच्याही मागे. म्हणजे एकाच धातूकडून आपण दोन परस्परविरोधी कामं मागतो: वाहून ने, आणि धरून ठेव. गाड्यांमधल्या काही मोठ्या टर्मिनलमध्ये यावर सुंदर तोडगा काढला आहे. आतलं अंग चांगली वीज वाहणाऱ्या तांब्याचं, आणि त्याच्यावर स्टेनलेस स्टीलची वेगळी स्प्रिंग. वीज तांबं नेतं, घट्ट स्टील धरतं. काम वाटून दिलं की दोघांचंही सामान कमी लागतं.

पुण्याच्या तांबट आळीत हीच अक्कल फार पूर्वीपासून हातोडीनं चालते. भांड्यावर ओळीनं मारलेले ते गोल ठोके, ज्याला मठारकाम म्हणतात, ते शोभेचे तर आहेतच. पण ठोक्यांनी तांबं कडक होतं. पातळ पत्रा जाड पत्र्यासारखा वागू लागतो. तिथे कारागिरानं तांबं वाचवलं म्हणून कुणी त्याला नावं ठेवणार नाही. त्यानं धातूच्या जागी श्रम घातले.

आणि तांबं वाचवायलाच हवं. एका टर्मिनलमधून ०.१ ग्रॅम तांबं कमी केलं आणि वर्षाला एक कोटी नग निघत असतील, तर एक टन तांबं वाचतं. खनिजात शंभरातला एखादाच भाग तांब्याचा असतो, बऱ्याचदा तेवढाही नसतो. म्हणजे त्या एका टनासाठी किमान शंभरेक टन दगड फोडायचा, दळायचा, आणि उरलेला गाळ कुठेतरी साठवायचा. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडची उघडी खाण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. गरज नसताना जाड केलेला प्रत्येक पत्रा कुठल्या तरी डोंगराच्या पोटातून येतो. त्यामुळे ‘जाड करा, सुरक्षित राहा’ हे उत्तरही वाटतं तितकं निर्मळ नाही.

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये टूलरूम सांभाळणारा माझा एक मित्र आहे. टर्मिनल कसं बनतं ते त्याच्याकडून ऐकावं. धातूची लांब पट्टी डायमधून पुढे सरकते, टप्प्याटप्प्यानं कापली जाते, वाकवली जाते, आणि शेवटी हजारो टर्मिनल एका पातळ फितीला लटकलेली रिळावर गुंडाळली जातात. मधला उरलेला जाळीदार पत्रा भंगारात जातो. गिऱ्हाईक दरवर्षी म्हणतं, भाव कमी करा. मित्र म्हणाला, “पहिल्या वर्षी तुकडे पट्टीवर जवळजवळ बसवतो, भंगार कमी होतं. दुसऱ्या वर्षी घडी बदलतो, पत्र्याला अशी कड देतो की तो कमी रुंदीत ताठ राहील. तिसऱ्या वर्षी डोकं संपतं. मग पत्रा पातळ करतो.”

हे तिसरं वर्ष मला महत्त्वाचं वाटतं. एका बाजूनं धरलेल्या पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होत नाही, आठवा हिस्सा होतो. जाडी फक्त दहा टक्के कमी केली तरी दाब २७ टक्क्यांनी पडतो. आणि हे हाताला कळत नाही. प्लग तेव्हाही आत जातो, तेव्हाही ‘टक्’ आवाज येतो. तपासणीच्या टेबलावर सगळं ठीक असतं, कारण तिथे वस्तू नवीन असते. पुढचं काम उष्णता करते. दाब कमी म्हणून स्पर्शाच्या जागी अडथळा जास्त, अडथळा जास्त म्हणून ती जागा तापते, तापली की पायजम्याच्या जुन्या इलॅस्टिकसारखी स्प्रिंग ढिली पडते, ढिली पडली की दाब आणखी कमी. चक्र फिरत राहतं. वरचा कथलाचा मुलामा खराब होतो आणि अक्षरशः पितळ उघडं पडतं.

ही गोष्ट अगदी अलीकडे, सगळ्या जगासमोर घडली. तुमच्यापैकी गेमिंगवाल्यांना ती पाठ असेल. ऑक्टोबर २०२२मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड विक्रीला आलं. त्याला वीज पुरवण्यासाठी नवा कनेक्टर होता, १२व्हीएचपीडब्ल्यूआर असं जिभेला न पेलणारं नाव असलेला. त्याआधीच्या आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५० वॅट घेतले जात. नवा कनेक्टर आकारानं लहान, दोन पिनांमधलं अंतर ४.२ मिलीमीटरवरून ३ मिलीमीटरवर आणलेलं, आणि क्षमता ६०० वॅट. चार जुन्यांचं काम एक नवा करणार. धातू कमी, प्लास्टिक कमी, कार्डावर जागा कमी. वर सांगितलेल्या सगळ्या निकषांवर कौतुक करावं अशी रचना.

आता हिशोब बघा. जुन्या कनेक्टरमध्ये १५० वॅट म्हणजे १२ व्होल्टला साडेबारा अँपिअर, तीन पिनांत वाटले की प्रत्येकीला सव्वाचारच्या आत. पिनेची खरी क्षमता याच्या जवळपास दुप्पट. नव्यात ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांत वाटले की प्रत्येकीला ८.३, आणि पिनेची क्षमता नऊ-साडेनऊ. मोकळीक उरली दहा टक्क्यांच्या आसपास. सगळं सरळ असेल, सहाही पिना सारख्या टेकल्या असतील, केबल फार वाकलेली नसेल, तर दहा टक्के पुरतात. एखाद्या पिनेनं जरा हात आखडता घेतला की मात्र तिच्या वाट्याची वीज बाकीच्या पाच जणींवर जाते, कारण वीज अडथळा टाळून वाहते.

काही आठवड्यांतच वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो फिरायला लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियानं सांगितलं की जगभरातून सुमारे ५० तक्रारी आल्या आहेत, आणि त्यांत समान धागा असा की कनेक्टर पूर्ण आत बसवलेला नव्हता. यात खोटं काही नव्हतं. स्वतंत्रपणे चाचण्या करणाऱ्यांनाही कनेक्टर वितळवण्यासाठी तो अर्धवट आणि तिरका बसवावा लागला.

तरीही त्या वाक्यात काहीतरी खटकतं. ‘तुम्ही नीट खोचला नाही.’ जुना कनेक्टरही लोक अर्धवट खोचत असणार. त्याच बोटांनी, त्याच अंधाऱ्या कॅबिनेटमध्ये, एका हातात मोबाइलचा टॉर्च धरून. तेव्हा तो सहसा वितळत नव्हता, कारण चूक पोटात घ्यायला जादा धातू होता. तो जादा धातू म्हणजे अनोळखी माणसाच्या आळशीपणाला, घाईला, जाड बोटांना आधीच दिलेली माफी होती. नव्या रचनेत ती माफी काढून घेतली गेली आणि तिच्या जागी सूचना आली: पूर्ण आत ढकला, केबल फार वाकवू नका. सामान वाचलं, आणि तेवढी दक्षता वापरणाऱ्याच्या माथी आली. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मला वाटतं काटकसर आणि कंजूषी यांतली रेघ इथे आहे. काटकसर करणारा स्वतःचं काहीतरी घालतो: डोकं, वेळ, हातोडीचे ठोके. कंजूष माणूस दुसऱ्याच्या खिशातून भरपाई करतो. आपल्याकडे पाहुण्याला वाढताना हात आखडणाऱ्याला कंजूष म्हणतात. स्वतः कोरडी भाकरी खाऊन दिवस काढणाऱ्याला कुणी तसं म्हणत नाही. मोकळीक कमी करणं हा गुन्हा नाही. पण ती कमी केल्यावर उरलेली जोखीम कुणाच्या घरी गेली, हे पाहावंच लागतं.

यावर कुणी म्हणेल, लपवलं कुठे होतं? पिनेची क्षमता कागदावर लिहिलेलीच होती. खरं आहे. उघडपणे सांगितलेली बचत ही लपवलेल्या बचतीपेक्षा बरी, हेही खरं. पण तो कागद कुणासाठी लिहिलेला असतो? एक इंजिनिअर दुसऱ्या इंजिनिअरसाठी लिहितो. कॅबिनेटच्या मागे चाचपडणारा हात तो कागद वाचत नाही, आणि त्यानं वाचावा अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे प्रत्येक प्रवाशानं पुलाचं आरेखन तपासून मगच पुलावर पाय ठेवावा असं म्हणणं. जिथे वापरणाऱ्याची नजर पोचत नाही, तिथे फक्त ‘सांगितलं होतं’ एवढ्यावर सुटका होऊ नये.

पुढे जे झालं ते जास्त बोलकं आहे. २०२३मध्ये कनेक्टर सुधारला गेला. सुधारणा काय? वीज नेणाऱ्या पिना किंचित लांब केल्या, आणि ‘किती वीज मिळेल’ हा निरोप देणाऱ्या बारीक पिना सुमारे दीड मिलीमीटरनं आखूड केल्या. आता कनेक्टर पूर्ण बसला नाही तर त्या आखूड पिना टेकतच नाहीत, आणि कार्ड वीज ओढतच नाही. धातू घालून नव्हे, काढून केलेली दुरुस्ती. नीट बसलं आहे ना हे बघायची जबाबदारी माणसाकडून घेऊन पिनेकडे दिली. आपल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये ही अक्कल केव्हाची आहे. वरची अर्थिंगची पिन लांब असते, म्हणून प्लग लावताना ती सगळ्यांत आधी टेकते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. ती जाड असते, म्हणून चुकून विजेच्या भोकात शिरत नाही. लावणाऱ्याला यातलं काहीही माहीत असायची गरज नाही. तो लहान मूल असला तरी क्रम बरोबरच राहतो.

मात्र त्या दीड मिलीमीटरनं अर्धाच प्रश्न सुटला. फेब्रुवारी २०२५मध्ये, पुढच्या पिढीच्या आरटीएक्स ५०९० कार्डाच्या वेळी, जर्मनीतल्या एका ओव्हरक्लॉकरनं चालू केबल मोजली तर एका-एका तारेतून २० अँपिअरहून जास्त वीज जाताना सापडली. वाटा ८.३चा आणि वाहतंय २०. उष्णता विजेच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे जवळपास सहापट. कनेक्टर पूर्ण बसलेला असला तरी सहा पिनांत वाटणी समान होईलच असं नाही, आणि ती तपासायची सोय कार्डावर नव्हती. त्याआधीच्या ३०९० टीआय या कार्डावर पिनांचे तीन गट वेगळे ठेवून भार वाटला जायचा. ती व्यवस्था नंतर गेली. तीही एक बचतच.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये याच प्रश्नाचं एक उदार उत्तर आहे. स्प्रिंग म्हटली की ती कधीतरी झिजणार. मग ती कुठे ठेवायची, फोनमध्ये की केबलमध्ये? मायक्रो-यूएसबी आखताना झिजणारे भाग, म्हणजे स्प्रिंगवाले संपर्क आणि अडकणारे आकडे, केबलच्या टोकात टाकले. आधीच्या मिनी-यूएसबीची मजल ५,००० वेळा लावण्या-काढण्याची होती, मायक्रोची १०,००० झाली, आणि झिजलीच तर केबल झिजावी, फोन नव्हे. कुणीतरी बसून विचार केला की हे बिघडणार तर आहेच, मग बिघाड स्वस्तात कुणाला पडेल? अशा प्रश्नांची नोंद ताळेबंदात होत नाही. शंभर रुपयांची केबल फेकताना आपण चरफडतो, पण ती आपल्या पंधरा हजारांच्या फोनच्या बदल्यात मेलेली असते.

उलट उदाहरण अमेरिकेतलं. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तांबं महागलं म्हणून तिथल्या लाखो घरांत अॅल्युमिनियमच्या वायरी टाकल्या गेल्या. वायर ठीक होती. त्रास टोकांना, स्क्रूखाली दबलेल्या जोडांवर झाला. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं पुढे सांगितलं की १९७२पूर्वीच्या अॅल्युमिनियम वायरिंगच्या घरांत एखादा जोड आग लागण्याच्या अवस्थेपर्यंत पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट आहे. बचत बिल्डरची झाली. जोड तापले ते वीस वर्षांनी घर विकत घेतलेल्या कुटुंबाच्या भिंतीत.

आतापर्यंतचं सगळं सोपं होतं, कारण वाचवणारा एक आणि सोसणारा दुसरा. पण स्टेशनबाहेर दीडशे रुपयांना मिळणारा एक्स्टेंशन बोर्ड घ्या. आतल्या पट्ट्या कागदासारख्या, हे घेणाऱ्यालाही साधारण माहीत असतं. त्याच्या खोलीत एकच सॉकेट आहे, तोही दाराजवळ, आणि खोली चार जणांची आहे. वाचवणाराही तोच, सोसणाराही तोच. त्याला ‘चांगला घे’ म्हणणं सोपं आहे. महाग बोर्ड सोडून बाकी सगळ्यांवर बंदी घातली तर तो उघड्या वायरीची टोकं काड्यापेटीच्या काडीनं भोकात खोचेल, आणि ते मी पाहिलेलं आहे. म्हणून स्वस्त बोर्ड बनवणाऱ्याला सरसकट पापी ठरवायला माझी तयारी नाही.

पण तोच बोर्ड उघडून बघितला की दुसरी गोष्ट दिसते. दीडशे रुपयांत धातू थोडाच येणार, हे मान्य. तो थोडा धातू कुठे घालायचा हे तरी बनवणाऱ्याच्या हातात असतं. तेवढ्याच पितळात तीन सॉकेटांना बऱ्यापैकी जाड पट्टी देता आली असती. त्याऐवजी पितळ सहा सॉकेटांत ताणलेलं असतं, वर लाल दिवा, कडेला दोन यूएसबी. जाडीच्या घनाचा हिशोब आठवा: निम्म्या जाडीची पट्टी प्लगला आठव्या हिश्श्यानं धरते. दुकानदाराला मी एकदा विचारलं, तीन भोकांचा, पण आतून बरा असा आहे का? त्यानं बोर्ड उलटा करून माझ्यासमोर धरला आणि बोटानं मोजून दाखवलं, “सहा आहेत साहेब, त्याच भावात.”